आत्यासाठी न घेतलेली बाटली

जपानमधल्या हाकोदातेच्या किनाऱ्यावर जुलै-ऑगस्टमध्ये कोंबू हे समुद्री शेवाळ वाळत घालतात. बारीक खडी पसरलेल्या अंगणांत माणसाच्या उंचीहून लांब, काळपट पट्टे ओळीने मांडलेले असतात आणि त्यांचा खारट वास आला की मला रत्नागिरीतल्या मिरकरवाडा बंदराची आठवण होते. या उन्हाळ्यात मात्र त्या पट्ट्यांकडे पाहताना जीव थाऱ्यावर नव्हता. रत्नागिरीच्या माझ्या आत्याला मोठ्या आतड्याचा कर्करोग असल्याचे निदान झाले होते आणि आतेभावाने निरोप धाडला होता: "तिकडे समुद्री शेवाळापासून काढलेले फ्यूकॉयडन मिळते, त्याने गाठ विरघळते म्हणतात. येणाऱ्या कोणाबरोबर तरी चार बाटल्या पाठव."

त्याच संध्याकाळी मी औषधांच्या दुकानात गेले. काउंटरमागच्या फार्मासिस्ट बाईंनी बाटली हातात घेतली, पण पिशवीत घातली नाही. कोणासाठी हवी आहे, केमोथेरपी चालू आहे का, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, असे त्यांनी एकामागून एक विचारले. आत्याच्या हृदयाची झडप बदललेली असल्याने ती वॉरफरिन ही तशीच गोळी घेते, हे सांगताच त्यांनी बाटली शांतपणे मागे ठेवली. फ्यूकॉयडन ही सल्फेटयुक्त शर्करांची लांब साखळी असून हेपॅरिन या रक्त पातळ करणाऱ्या औषधाप्रमाणे तीही रक्त गोठण्यात अडथळा आणू शकते, हे त्यांनी मला कागदावर आकृती काढून समजावले. मग आत्याच्या डॉक्टरांना विचारायच्या प्रश्नांची एक चिठ्ठी लिहून दिली. मागे तीन माणसे रांगेत उभी होती. एकानेही घड्याळाकडे पाहिले नाही. एका महागड्या बाटलीची विक्री त्यांनी एका अनोळखी परदेशी बाईच्या आत्यासाठी सोडली, हे मला आजही राहून राहून आठवते.

आमच्या आळीतल्या मेडिकलवाल्या काकांनी हे प्रश्न विचारले नसते. पण रात्री दोन वाजता शटर उघडून, पैसे नंतर द्या म्हणत औषध हातात ठेवणारेही तेच आहेत, हे मी इथे कोणी आपल्याकडच्या दुकानांना नावे ठेवली की आवर्जून सांगते. शिवाय अशा बाटल्या मोठ्या किमतीला विकणारा देशही जपानच आहे.

त्यानंतर कित्येक रात्री मी वाचत बसले. फ्यूकॉयडन १९१३ साली स्वीडनच्या हराल्ड क्युलिन यांनी प्रथम वेगळे केले. वाकामे, कोंबू, ओकिनावाचे मोझुकू अशा तपकिरी शेवाळांत ते असते. त्यांतलेच फ्यूकोझँथिन हे रंगद्रव्य मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या पेशींना आत्मनाशाकडे नेते, हे २००४ साली याच हाकोदातेतल्या संशोधकांनी दाखवले. माझ्या घरापासून जवळच हे काम झाले याचा मला अभिमान वाटला. परंतु ते काचेच्या तबकडीतल्या पेशींवर झाले होते. तबकडीत द्रव्य थेट पेशीवर पडते; माणसाच्या पोटातून फ्यूकॉयडनसारखा अवजड रेणू रक्तात फारच थोडा पोहोचतो. २०११ साली जपानमधल्याच तोत्तोरीत या कर्करोगाच्या २० रुग्णांवर प्रयोग झाला. केमोथेरपीबरोबर फ्यूकॉयडन घेणाऱ्यांना थकवा कमी आला आणि उपचार अधिक काळ सोसता आले. ही गोष्ट लहान नाही. पण २० रुग्णांवरून गाठ विरघळते असे कोणी म्हणू नये.

समुद्रातून औषध येतच नाही, असेही नाही. जपानच्या मिउरा द्वीपकल्पाजवळच्या एका समुद्री स्पंजातून १९८६ साली हॅलिकॉन्ड्रिन बी हे द्रव्य मिळाले आणि त्याच्या रचनेवरून घडवलेल्या एरिब्युलिनला स्तनाच्या कर्करोगासाठी अमेरिकेत मान्यता मिळाली ती २०१० साली. मधली चोवीस वर्षे ते प्रयोगशाळेत घडवण्यात आणि मात्रा, विषारीपणा, परिणाम तपासण्यात गेली. निरोपातल्या एका ओळीत ती चोवीस वर्षे गळून पडतात, याचा मला खरोखर राग येतो. आपल्या हळदीचेही हेच झाले. तिच्यावरच्या अमेरिकेतल्या पेटंटविरुद्ध भारत लढला आणि १९९७ साली जिंकला, पण तो वाद जखमा भरण्याविषयी होता. त्यामुळे हळदीतले कर्क्युमिन कर्करोगावरचे औषध ठरत नाही.

रोजच्या आहारातले शेवाळही सरसकट निरुपद्रवी नसते. कोंबूत आयोडीन इतके असते की जपानने प्रौढांसाठी दिवसाला ३,००० मायक्रोग्रॅमची कमाल मर्यादा घातली आहे. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या जपानी स्त्रियांच्या एका मोठ्या पाहणीत, जवळजवळ रोज शेवाळ खाणाऱ्या, पाळी गेलेल्या स्त्रियांमध्ये थायरॉइडच्या एका प्रकारच्या कर्करोगाचे प्रमाण अधिक आढळले. म्हणून मी कोंबूही पाठवला नाही. नोरी हे दुसरे शेवाळही नाही, कारण त्यातले के जीवनसत्त्व वॉरफरिनच्या आड येते.

"एवढ्या लांब राहून तेवढेही जमले नाही का?" असे घरात कोणीतरी म्हणाले. तपासण्यांच्या रांगेत आत्याशेजारी मी बसत नाही, हे खरे आहे, आणि म्हणूनच जे हातून जाईल ते नीट तपासलेले असावे असे मला वाटते. ती चिठ्ठी मी मराठीत उतरवून पाठवली. आत्याच्या डॉक्टरांनी ती पूर्ण वाचली, बाटली नको म्हणाले आणि तिच्या फाइलला लावून ठेवली. गेल्या रविवारी आत्याचा फोन आला तेव्हा तिची चौथी केमो झाली होती. "त्या बाईचे नाव विचारून ठेव," ती म्हणाली, "दिवाळीत येशील ना, तेव्हा जाताना तिच्यासाठी आपली आंबापोळी देते."