भुताचे गाऱ्हाणे आणि दहा बाजूंचे फासे

टेबलावर बसून भयकथेचा खेळ चालवणाऱ्याने भुताचे रूप ठरवण्याआधी त्याचे गाऱ्हाणे ठरवावे, असे माझे ठाम मत आहे. ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो: एक जण गेम मास्टर म्हणून प्रसंग उभा करतो, बाकीचे चार-पाच जण आपापल्या पात्राच्या वतीने बोलतात आणि निर्णय घेतात, आणि जिथे निकाल अनिश्चित असतो तिथे फासे टाकले जातात.

या प्रकारातला सर्वांत प्रसिद्ध भयखेळ म्हणजे १९८१ साली अमेरिकेत प्रकाशित झालेला ‘कॉल ऑफ क्थुलू’. त्यातले विश्व अथांग आहे आणि माणसाविषयी पूर्णपणे बेपर्वा आहे. ते विश्व ज्याच्या नजरेस पडते, त्या पात्राची सॅनिटी, म्हणजे मनाचा तोल, शंभरच्या फाशावर तपासली जाते आणि ती हळूहळू झिजत जाते. हा नियम फार सुंदर आहे आणि मी तो अनेकदा आनंदाने वापरला आहे. परंतु सोलापुरात, घरच्या वडीलधाऱ्यांकडून ऐकलेल्या गोष्टींवर खेळ बेतायला घेतला की तो अपुरा पडतो, कारण आपला मुंजा बेपर्वा नसतो. मुंज झाली पण सोडमुंज, म्हणजे मुंजीचे व्रत सोडवण्याचा विधी, होण्याआधीच गेलेला मुलगा पिंपळावर राहतो, बाळंतपणात गेलेल्या बाईची हडळ होते, धनात जीव अडकलेल्याचा समंध होतो. प्रत्येकाचे काहीतरी राहून गेलेले असते, आणि ते कोणामुळे राहिले हे वस्तीतल्या कोणाला तरी पक्के ठाऊक असते.

म्हणून मी सॅनिटीच्या जागी ‘ऋण’ ठेवले. पात्राला एखादी गोष्ट कळली आणि त्याने ती दडवली, की त्याचे ऋण एकाने वाढते. ती सर्वांसमोर बोलून टाकली की एकाने उतरते, मात्र त्याची किंमत घरात, नात्यात किंवा नोकरीत मोजावी लागते. भूत समोर आले की दहा बाजूंचा एक फासा टाकायचा. आकडा ऋणापेक्षा जास्त पडला तर पात्र भानावर राहते, नाहीतर त्या प्रसंगापुरते त्याचे निर्णय भूत घेते.

ज्या शहरात १८७७ साली पहिली कापडगिरणी सुरू झाली आणि पुढे मोठ्या गिरण्या एकेक करून बंद पडल्या, त्या शहरात अशा राहून गेलेल्या देण्यांची कथा रचणे अवघड नाही. माझ्या कथेतली गिरणी काल्पनिक आहे. तिथे बापाचा डबा घेऊन आत गेलेला मुलगा परत बाहेर आला नाही, आणि मस्टरवर त्याचे नाव नसल्यामुळे तो आत आलाच नव्हता असे सर्वांनी मान्य करून टाकले. आता जमीन विकली गेली आहे आणि आवारातला पिंपळ तोडायचा आहे. निवृत्त जॉबर (गिरणीतला मुकादम), त्याची सून, बांधकामाचा ठेकेदार आणि चाळीतली एक म्हातारी ही खेळाडूंची पात्रे. यंत्राच्या पट्ट्यात अडकलेले मुलाचे जानवे त्या दिवशी कोणी काढून घेतले, हे लिहिलेली चिठ्ठी मी खेळ सुरू होण्यापूर्वीच एका खेळाडूच्या हातात गुपचूप देतो. मुंज्याला मारण्याची कोणतीही तरतूद या कथेत नाही. कोणीतरी त्याचे नाव मोठ्याने घेऊन त्याची सोडमुंज करायला हवी, आणि नाव घ्यायचे म्हणजे ते इतकी वर्षे का घेतले नाही हेही सांगणे आले. खेळाडू या वळणावर ज्या तऱ्हेने गप्प होतात, ती शांतता कोणत्याही राक्षसाच्या वर्णनाने मला कधी मिळालेली नाही.

हाकामारीसाठी तर फाशांचीही गरज पडत नाही. ती रात्री ओळखीच्या आवाजात हाक मारते आणि ओ देणारा संपतो, एवढाच नियम मी सुरुवातीला सांगतो. त्यानंतर रात्रीच्या प्रसंगात मी पात्राला नावाने हाक मारली आणि खेळाडूने सहज ‘काय?’ म्हटले, की ती ओ धरली जाते. सोलापूरच्या टेबलावर हा प्रसंग विशेष रंगतो, कारण इथे मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी एकाच गल्लीत ऐकू येतात. तेलुगू विणकराच्या घरात आईची हाक तेलुगूतच यायला हवी. मराठीत आली, तर दाराबाहेर आई नाही हे खेळाडू ओळखतो. कन्नड घरातल्या एका मित्राने त्यांच्याकडची रीत खेळात आणली: दारावर खडूने ‘नाळे बा’, म्हणजे उद्या ये, असे लिहून ठेवायचे. त्या दिवसापासून ती आमच्या नियमांत कायमची आहे.

वाट चुकवणाऱ्या चकव्यासाठी मी सोलापूरजवळच्या नान्नजच्या बाजूचे माळरान वापरतो, आणि वेळ रात्रीची न घेता वैशाखातली भर दुपारची घेतो. बारा वाजता उन्हात सावली पायाखाली गेलेली असते, दिशा कळत नाही, आणि पात्रे पुन्हा त्याच बाभळीपाशी येतात; आमच्याकडचे ऊन ठाऊक असलेल्या माणसाला याहून अधिक वर्णन लागत नाही.

काही गोष्टी मी खेळात आणत नाही. साती आसरा या जलदेवता आणि सोलापूरचे ग्रामदैवत सिद्धेश्वर ही लोकांची श्रद्धास्थाने आहेत, ती बाहेरच राहतात. १९३१ साली फाशी गेलेल्या सोलापूरच्या चार हुतात्म्यांना भूत करून टेबलावर आणणे मला मुळीच मान्य नाही. भानामतीची, म्हणजे करणीची, कथा मी एकाच अटीवर चालवतो: जिच्यावर आळ आला आहे ती बाई कथेत कधीही दोषी निघणार नाही. असा आळ घेऊन माणसांना छळले गेले आहे, आणि त्याविरुद्ध महाराष्ट्राला २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला आहे, तेव्हा इथे खेळाच्या रंगतीपेक्षा हे भान मोठे मानावे लागते.

बैठकीपूर्वी प्रत्येकाला मी एकट्याने विचारतो की कोणता विषय नको आहे. टेबलाच्या मधोमध एक कोरे कार्डही ठेवलेले असते. कोणीही त्याला बोट लावले की प्रसंग तिथेच सोडून पुढे जायचे, कारण विचारायचे नाही. बाळंतपणातला मृत्यू अनेक घरांत घडून गेलेला असतो, म्हणून हडळीची कथा मी नव्या गटाबरोबर पहिल्या बैठकीत कधीच घेत नाही. माणसे एकमेकांशी मोकळेपणाने बोलू लागली आहेत असे दिसल्यावरच ती बाहेर काढतो.