ईसीजी लांब पाठवायचा, तर आधी नीट काढायला हवा

छातीत दुखतंय म्हणून माणूस ग्रामीण रुग्णालयात येतो, तिथे कार्डिओलॉजिस्ट नसतो. ईसीजीचं मशीन बहुतेक ठिकाणी असतं आणि मोबाइलला बऱ्यापैकी रेंजही असते. बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाला केंद्र धरून चालणारा गोव्याचा स्टेमी (हृदयाची रक्तवाहिनी गुठळीने पूर्ण बंद पडून येणारा हार्ट अटॅक) प्रकल्प एवढ्याच भांडवलावर उभा आहे. ईसीजी छोट्या केंद्रात निघतो, तज्ज्ञ तो लांबून वाचतात आणि गरज असेल तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन आहे तिथेच दिलं जातं. तमिळनाडूतही याच पद्धतीचं काम झालं आहे.

अशा योजनांच्या बैठकांत बोलणं होतं ते ॲप, सर्व्हर आणि डॅशबोर्डबद्दल. घोळ होतो तो त्याच्या कितीतरी अलीकडे, खाटेपाशी. तज्ज्ञ कितीही हुशार असला तरी त्याला दिसतं ते तुम्ही पाठवलेल्या ईसीजीच्या पट्टीवरचं.

पहिला हिशोब वेळेचा. रुग्ण दारात आल्यापासून १० मिनिटांत ईसीजी निघायला हवा. तो निघत नाही याची कारणं साधी असतात: मशीन कपाटात आणि किल्ली ज्यांच्याकडे ते जेवायला गेलेले, रोल संपलेला, जेल सुकलेलं, बॅटरी उतरलेली. मशीन ट्रॉलीवर, चार्जिंगला लावलेलं, सोबत एक जादा रोल, कापूस-स्पिरिट आणि छातीवरचे केस काढायला रेझर, एवढं ठेवलं तरी बराच वेळ वाचतो. केसपेपर नंतर काढता येतो. मशीनचं घड्याळही रोज बघावं. बॅटरी पूर्ण उतरली की काही मशीनांची तारीख-वेळ बिघडते आणि पट्टीवर भलतीच वेळ छापून येते. पुढचे सगळे निर्णय वेळेवर ठरणार असल्याने ही चूक क्षुल्लक नाही.

आता इलेक्ट्रोड, म्हणजे अंगाला लावायची तारांची टोकं. आपल्याकडे सहसा दिसणाऱ्या रंगांप्रमाणे उजव्या हाताला लाल, डाव्या हाताला पिवळा, डाव्या पायाला हिरवा, उजव्या पायाला काळा. लीड म्हणजे हृदयाकडे एका ठरावीक कोनातून बघणारी पट्टीवरची रेषा. दोन हातांची अदलाबदल झाली की लीड १ मधलं सगळंच उलटं येतं, पी लहर (ठोक्याची पहिली छोटी लहर) सुद्धा, आणि एरवी उलटा असणारा एव्हीआर हा लीड सरळ दिसू लागतो. लीड २ जवळजवळ सपाट रेघ दिसली, तर उजवा हात आणि उजवा पाय बदलले गेलेत का ते आधी बघा. पट्टी पाठवण्याआधी या लीडवर नजर टाकायला काही सेकंद लागतात.

छातीवरच्या सहा इलेक्ट्रोडांमध्ये (व्ही१ ते व्ही६) सगळ्यात जास्त चुकतात ते व्ही१ आणि व्ही२. अंदाजाने लावले की ते वर जातात, दुसऱ्या-तिसऱ्या फासळीच्या फटीत. मग जुना हार्ट अटॅक असल्यासारखं चित्र उमटतं आणि तिकडचा डॉक्टर नसत्या शंकेत पडतो. छातीच्या मधल्या हाडावर बोट खाली सरकवत न्या. जिथे आडवा उंचवटा लागतो तिथे दुसरी फासळी. तिच्याखालची फट दुसरी, तिथून चौथीपर्यंत मोजा: उजवीकडे व्ही१, डावीकडे व्ही२. व्ही४ पाचव्या फटीत, गळपट्टीच्या हाडाच्या मध्यातून खाली येणाऱ्या रेषेवर. व्ही३ हा व्ही२ आणि व्ही४ च्या मध्ये. व्ही५ आणि व्ही६ व्ही४ च्याच आडव्या पातळीत, काखेच्या दिशेने. स्त्री रुग्ण असेल तर व्ही४ स्तनाच्या खाली लावायचा. संकोचापायी तो कपड्याच्या कडेला कुठेतरी लावला जातो, म्हणून पडदा आणि सिस्टर ही सोय आधीच हवी.

हृदयाच्या खालच्या भागाचा अटॅक, म्हणजे लीड २, ३ आणि एव्हीएफमध्ये एसटी (ठोक्याच्या मोठ्या टोकदार लहरीनंतरचा रेषेचा तुकडा) वर गेलेली दिसली, तर व्ही४आर (व्ही४ चीच जागा, पण छातीच्या उजव्या बाजूला) काढून तोही पाठवा. हृदयाचा उजवा कप्पाही अटॅकमध्ये सापडला असेल आणि रक्तवाहिन्या सैल करणारी सॉर्बिट्रेटची गोळी दिली गेली, तर बीपी एकदम कोसळू शकतं. व्ही१ ते व्ही३ मध्ये एसटी खाली गेली असेल तर पाठीकडचे व्ही७ ते व्ही९ काढावेत.

रेषा जाड, केसाळ येते ती बहुधा विजेच्या ५० हर्ट्झमुळे. खाट भिंतीपासून सरकवा, उशाशी लावलेला चार्जर काढा, मशीन बॅटरीवर चालवा. रेषा लाटेसारखी वरखाली होत असेल तर इलेक्ट्रोड सैल आहे किंवा त्वचा पुसलेली नाही. इथे फिल्टरचं बटण दाबून पट्टी देखणी करायचा मोह होतो, तो टाळा. ०.५ हर्ट्झच्या फिल्टरने काही मशीनांवर एसटी खोटी हलते, आणि निदान त्या एसटीवरच असतं. वेग सेकंदाला २५ मिलिमीटर, उंची एका मिलिव्होल्टला १० मिलिमीटर. मशीनने वर छापलेल्या ‘नॉर्मल ईसीजी’ या शेऱ्यावर विसंबू नका. दुखणं चालू असेल तर १५ ते ३० मिनिटांनी पुन्हा काढा.

मशीनमधून पीडीएफ निघत असेल तर तीच पाठवावी. फोटोच काढायचा असेल तर पट्टी सपाट, मोबाइल बरोबर वरून, फ्लॅश बंद. एक मिलिमीटरचे चौकोन मोजता यायला हवेत, म्हणून व्हॉट्सॲपवर साधा फोटो न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा. ग्रुपवर रुग्णाचं नाव नको, नोंदणी क्रमांक पुरे. थर्मल कागदाला स्पिरिट लागलं की पट्टी खराब होते आणि एरवीही ती विटतेच, म्हणून झेरॉक्स काढून ठेवावी.

नुसता ईसीजी पाठवून ‘सर, ओपिनियन प्लीज’ लिहिलं की उलट प्रश्न येतात आणि दहा मिनिटं त्यातच जातात. वय, वजन, दुखणं किती वाजता सुरू झालं, दोन्ही हातांचं बीपी, आधी पक्षाघात, डोक्यात रक्तस्राव किंवा अलीकडे ऑपरेशन, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, हे सोबतच लिहा. वजन हवंच, कारण टेनेक्टेप्लेज या गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनचा डोस वजनावर ठरतो: ६० किलोच्या आत ३० मिलिग्रॅम, ९० किंवा त्याहून जास्त असेल तर ५०, आणि ७५ वर्षांवरच्या रुग्णाला निम्मा. अँजिओप्लास्टी १२० मिनिटांत होणार नसेल आणि दुखणं सुरू होऊन १२ तास उलटले नसतील, तर इंजेक्शनचा विचार करायचा.

पलीकडच्या बाजूला ड्यूटीवर एकच ठरलेला नंबर हवा. निळी टिक आली म्हणजे उत्तर आलं असं नाही. स्टेमी आहे की नाही, इंजेक्शन द्यायचं की नाही, पुढे कुठे पाठवायचं, हे शब्दांत आलं पाहिजे. पाच मिनिटांत आलं नाही तर सरळ फोन करा. नेट गेलं असेल तरी साधा कॉल बहुतेक वेळा लागतो. सल्ला तज्ज्ञाचा असला तरी २५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनुसार सल्ला मागणारा डॉक्टरच उपचार करणारा डॉक्टर राहतो आणि जबाबदारीही त्याचीच. म्हणून सल्ला कोणाचा आणि किती वाजता मिळाला, ते केसपेपरवर लिहावं.

इंजेक्शन दिल्यावर काम संपलं असं समजून रुग्णाला वॉर्डात ठेवून घेतात, ही मोठी चूक. रुग्णवाहिका त्याच वेळी सांगायची. ६० ते ९० मिनिटांनी पुन्हा ईसीजी काढायचा, वाटेत असाल तर रुग्णवाहिकेतच. एसटी निम्म्याहून जास्त खाली आली नसेल तर वाहिनी उघडलेली नाही असं धरून पुढच्या रुग्णालयाला तेव्हाच कळवायचं, म्हणजे कॅथलॅब (अँजिओप्लास्टी करतात ती खोली) तयार राहते. एसटी उतरली असली तरी २ ते २४ तासांत अँजिओग्राफी करायचीच असते.