चीट आणि शीत

आमच्या घरी पानं घ्यायचं काम माझ्याकडे आहे. लग्नाला तीस वर्षं झाली, स्वयंपाकातलं चहापलीकडे फारसं काही जमत नाही, पण पानं मी घेतो. आता पानं म्हणजे स्टीलची ताटंच. केळीचं पान गणपतीत दिसलं तर दिसलं. तरी हाक मारताना 'पानं घेतलीत, चला' असंच तोंडातून येतं. वर मधोमध मीठ, शेजारी लिंबाची फोड, डावीकडे चटणी-कोशिंबीर, उजवीकडे भाजी. डावं-उजवं चुकलं तर आई काही बोलत नाही, नुसती ताटाकडे बघते. तेवढं पुरतं.

त्यामुळे गेल्या जुलैत फ्रान्सच्या दक्षिणेला, प्रोव्हाँसमध्ये, एका अंगणात मला कुणी 'जरा टेबल मांडा' म्हणालं तेव्हा मी अजिबात घाबरलो नाही. घाबरायला हवं होतं.

मुलगी एक्स नावाच्या तिथल्याच शहरात शिकते. तिच्याकडे जायचं म्हणून आम्ही दोघं गेलो आणि सँ रेमी आणि तारास्कों या गावांच्या मधे एका जुन्या शेतघरात दोन खोल्या घेऊन महिनाभर राहिलो. अशा घराला तिकडे 'मास' म्हणतात. घरमालकीण पंचाहत्तरीच्या पुढची, एकटी. आम्ही तिला मादाम म्हणायचो, ती मला मस्य म्हणायची, आणि बाकीचं संभाषण मुलीच्या जिवावर चालायचं. आठवड्यातून दोनदा रात्रीचं जेवण तिच्याकडे, असं ठरलं होतं.

सकाळी नऊ वाजले की मादाम घराच्या सगळ्या लाकडी झडपा ओढून घ्यायची. दिवसभर आत काळोख. मला पहिल्या दिवशी वाटलं, घरात काही अशुभ घडलंय की काय. बायकोचं माहेर नागपूरचं, तिला एका क्षणात कळलं. 'मे महिन्यात आम्ही दुसरं काय करतो?' म्हणाली आणि आडवी झाली. बाहेर झाडांवर सिगाल नावाचे किडे किरकिरत असायचे, आपल्या रातकिड्यांसारखे, फक्त भर दुपारी. त्या आवाजाचं तिथल्या लोकांना इतकं प्रेम, की चिनीमातीचा सिगाल घराच्या भिंतीवर लावतात. १८९५ साली ओबान्यच्या लुई सिकार नावाच्या कुंभाराने पहिला केला, तेव्हापासून ही हौस. मादामच्या दाराशीही एक पिवळा सिगाल होता. त्याचा एक पंख तुटलेला, आणि तो तसाच ठेवलेला.

संध्याकाळी सात-साडेसातला झडपा उघडायच्या आणि सगळं बिऱ्हाड अंगणात यायचं. अंगणात प्लातानचं मोठं झाड. आपल्या काश्मीरच्या चिनाराचा भाऊबंद. त्याखाली लांबलचक टेबल, आणि त्यावर मादाम आधी कापड टाकायची. त्या भागात मिस्त्राल म्हणून एक वारा आहे, सुटला की टेबलासकट उचलेल असा. म्हणून कापडाच्या चारही टोकांना तिने चिमटे लावून त्यांना नदीतले गोटे बांधले होते. बाजारात या कामासाठी लिंबाच्या नाहीतर द्राक्षाच्या घोसाच्या आकाराची शोभिवंत वजनं मिळतात. मी ती दाखवली तर मादामने नाक मुरडलं. गोटे फुकट होते.

तर त्या दिवशी मी टेबल मांडलं. काटे डावीकडे, सुऱ्या उजवीकडे, एवढं सिनेमे बघून माहीत होतं. मादाम आली, हसली, 'मेर्सी' म्हणाली, आणि टेबलाभोवती एक फेरी मारत शांतपणे एकेक काटा पालथा करत गेली. पाचही. दाते खाली, पाठ वर. एक शब्द नाही. मला थेट आई आठवली.

नंतर मुलीने विचारलं तेव्हा कळलं, की दाते वर हा इंग्रजांचा प्रकार. फ्रान्समध्ये जुन्या घराण्यांची चिन्हं काट्याच्या पाठीवर कोरलेली असत, ती दिसावीत म्हणून काटा पालथा, असं सांगतात. मादामच्या काट्यांवर कसलंही चिन्ह नव्हतं. दोन तर वेगळ्याच संचातले होते. पण पालथे म्हणजे पालथे. पावाला ताटली नाही, तो सरळ कापडावर ठेवायचा, आणि तो मात्र पालथा ठेवायचा नाही. पूर्वी पाववाला फाशी देणाऱ्या माणसाचा पाव उलटा करून बाजूला काढून ठेवायचा, म्हणे. काटा उलटा, पाव सुलटा. हे लक्षात ठेवता ठेवता मला आठवडा लागला.

नॅपकिनचं प्रकरण आमच्या घरात जास्त गाजलं. पहिल्याच जेवणाला प्रत्येकाला एकेक कापडी नॅपकिन आणि तो अडकवायला लाकडी कडं मिळालं. माझ्या कड्यावर निळी रेघ, बायकोच्या कड्यावर चीर गेलेली. जेवण झाल्यावर मी तो धुवायच्या टोपलीत टाकायला निघालो, तर मादामने अडवलं. कडं असतं कशाला? आपला नॅपकिन आपल्या कड्यात घालून ठेवायचा आणि पुढच्या जेवणाला तोच घ्यायचा. बायकोचा चेहरा बघण्यासारखा झाला. खरकट्याचे, उष्ट्याचे सगळे नियम तिच्या डोळ्यांपुढून गेले असणार. 'तोंड पुसलेलं फडकं परत?' हे ती मराठीत म्हणाली, पण मादामला स्वरावरून समजलं. ती म्हणाली, तोंड तुमचंच आहे ना? यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं.

आमच्या फोनवर तोपर्यंत 'फ्रेंच समर टेबल' या नावाखाली शेकडो चित्रं जमली होती. बायकोच्या भिशीतल्या मैत्रिणी पाठवायच्या. सगळ्यांत पांढरी क्रोकरी, रंग उडाल्यासारखा दिसावा म्हणून मुद्दाम घासलेल्या खुर्च्या, आणि मधोमध लव्हेंडरचा भारा. मादामला दाखवलं. तिने चष्मा लावून नीट बघितलं आणि एवढंच विचारलं, 'आणि मधमाश्या?' लव्हेंडर शेतात असतो, नाहीतर वाळवून कपाटात, कसर लागू नये म्हणून. जेवताना त्याचा वास आला तर माणूस साबण खातोय असं वाटेल, हे तिचं मत. तिच्या टेबलावर मधे जर्दाळूंचा वाडगा असे, आणि तोही जेवण संपेपर्यंत रिकामा झालेला. शोभेची वस्तू खाता आली पाहिजे, हा तिचा एकमेव नियम असावा.

काचेचे ग्लास मात्र आपल्याकडच्या कटिंग चहाच्या ग्लासांचे चुलत भाऊ. जाड, पैलूदार, पडले तरी सहसा न फुटणारे ड्युरालेक्स कंपनीचे. बुडाशी एक आकडा असतो. फ्रान्समधली झाडून सगळी मुलं शाळेच्या खानावळीत तो आकडा बघतात आणि ते आपलं वय म्हणून जाहीर करतात. मादामची दोन नातवंडं आली होती, त्यांनी आम्हालाही खेळायला लावलं. माझं वय निघालं सात. सगळ्यांत लहान म्हणून जेवणभर पाणी मीच आणलं. २०१० साली युनेस्कोने फ्रेंच जेवणाच्या पद्धतीला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं, त्यात टेबल मांडण्याचाही उल्लेख आहे. हा खेळ त्यात धरलाय की नाही कुणास ठाऊक. धरायला हवा होता.

एका रविवारी, पाहुणे जास्त होते म्हणून, मादामने कपाटातून एक भलीमोठी तागाची चादर काढली आणि टेबलावर अंथरली. जाड, खरखरीत, धुऊन धुऊन मऊपणाकडे झुकलेली. कोपऱ्यात लाल दोऱ्याने दोन अक्षरं, फुल्यांच्या टाक्याची. तिच्या आजीने लग्नाआधी स्वतः भरलेली. पूर्वी तिथल्या मुली अशा चादरी, टॉवेल, नॅपकिन डझनांनी तयार करून सासरी नेत. आपलं रुखवत. इतके डझन कशाला, तर मोठी धुणी वर्षातून दोन-चारदाच निघत, आणि तोवर कापड पुरायला हवं. सगळ्या घरांचं धुणं ओढ्यावर एकत्र, म्हणून अक्षरं. हल्ली जुन्या बाजारात लोक याच चादरी शोधत फिरतात आणि आपली नसलेली अक्षरं टेबलावर मिरवतात. मादामला त्याचं हसू यायचं. मला जरा गलबलून आलं, पण ते मी पाणी आणायला उठून लपवलं. सात वर्षांचा होतोच.

रोजचं कापड मात्र वेगळं. पिवळंधमक, त्यावर लाल-निळी बारीक नक्षी. प्रोव्हाँसच्या प्रत्येक दुकानात, प्रत्येक टेबलावर असलं कापड दिसतं, पोस्टकार्डावरही तेच. मी पहिले पंधरा दिवस त्याकडे नीट बघितलं नव्हतं. एकदा रात्री जेवण लांबलं (तिथे ते लांबतंच), चीज येऊन गेलं, मला बोलण्यातलं काही कळत नव्हतं, म्हणून बोटाने नक्षी गिरवत बसलो. आणि बोट आपोआप ओळखीच्या वळणावर वळलं. खाली गोल पोट, वर एका बाजूला मुरडलेलं टोक.

'अगं, ही कोयरी आहे!' मी बायकोला म्हणालो.

कोयरीच होती. आईच्या पैठणीच्या पदरावरची, देव्हाऱ्यातल्या कुंकवाच्या करंड्याची. मादामला विचारलं, तुम्ही याला काय म्हणता? ती म्हणाली, काशमीर. तिकडे काश्मिरी शाली गेल्या, त्यांच्यावरून. इंग्रज हिला पेझ्ली म्हणतात, त्या शालींच्या नकला करणाऱ्या स्कॉटलंडमधल्या एका गावावरून. ज्याला जिथून मिळाली तिथलं नाव. आपण तेवढे तिच्यात कैरी बघतो. आणि या कापडाला? 'आँदियेन,' मादाम म्हणाली. म्हणजे? मुलीने काही भाषांतर करायच्या आधी मादामनेच माझ्याकडे बोट केलं. आँदियेन म्हणजे भारतीण.

मग ती सांगायला लागली आणि जेवण आणखी तासभर लांबलं. तिचा नवरा तारास्कोंच्या कापडछपाईच्या कारखान्यात होता, त्यामुळे हे सगळं तिला तोंडपाठ. सतराव्या शतकात मार्सेय बंदरात भारतातली छापील आणि रंगवलेली सुती कापडं उतरू लागली आणि लोकांना वेड लागलं. कापड हलकं, आणि मुख्य म्हणजे धुतलं तरी रंग जात नाही. सुताला आधी तुरटीचा हात द्यायचा आणि मग मंजिष्ठेचा लाल चढवायचा, ही करामत युरोपात कुणाला येत नव्हती. (कापडं मुख्यतः कोरोमंडल किनाऱ्याची आणि गुजरातची. मराठी माणसाने इथे फार छाती फुगवू नये. मी थोडी फुगवलीच.) १६४८ मध्ये मार्सेयमध्ये पत्ते छापणारा एक कारागीर आणि एक कोरीवकाम करणारा यांनी भागीदारी करून नक्कल करायला सुरुवात केली. म्हणजे राजा-राणी-गुलाम छापणाऱ्या ठशांच्या हातूनच तिकडची पहिली कोयरी उमटली असणार.

मग रेशीम आणि लोकर विणणाऱ्यांनी ओरड केली. १६८६ मध्ये चौदाव्या लुईने हुकूम काढला: भारतीय छापील कापड आणायचं नाही, देशात छापायचंही नाही. कापडं जप्त झाली, जाळली गेली, दंड झाले. ही बंदी १७५९ पर्यंत टिकली, त्र्याहत्तर वर्षं. आणि एवढी वर्षं लोक ते वापरतच राहिले. पंधराव्या लुईच्या दरबारातली मादाम द पोंपादूरसुद्धा. राजाने बंदी घालावी आणि त्याच्याच मैत्रिणीने त्या कापडाचे पडदे लावावेत, हा भाग मादामने दोनदा सांगितला. आणखी एक गंमत. शेजारचं आव्हिन्यों तेव्हा राजाचं नव्हतं, पोपचं होतं. राजाचा हुकूम तिथे चालत नव्हता, म्हणून तिथे छपाई खुशाल चालू राहिली, १७३४ मध्ये राजाने पोपलाही गळ घालीपर्यंत. आणि १७४२ मध्ये कर्दू नावाच्या जेझुइट पाद्र्याने कोरोमंडलच्या ख्रिस्ती झालेल्या रंगाऱ्यांना विचारून विचारून सगळी कृती पत्रात लिहून मायदेशी धाडली. बेत एका दिवसाचा असो की पिढ्यांचा, कृती कुणाला द्यायची नसते, असं माझी आई म्हणते ते उगाच नाही.

तारास्कोंच्या त्या जुन्या कारखान्याचं नाव सुलेयादो. शब्द तिथल्या प्रोव्हाँसाल बोलीतला. पाऊस पडून गेल्यावर ढगांतून येणारी उन्हाची तिरीप. मी मुलीकडून मादामला 'तिरीप' हा शब्द शिकवला. तिला तो आवडला, पण 'र'चा घसा काढून म्हणायची.

आणि झोपायला जाताना मुलगी म्हणाली, बाबा, जुन्या फ्रेंचमध्ये या कापडाला आणखी एक शब्द आहे. आपल्या 'छींट'चाच झालेला. लिहितात कसाही, उच्चार 'शीत'.

बुधवारी सँ रेमीच्या आठवडी बाजारातून एक टेबलक्लॉथ घेतलं. पिवळं, कोयरीचं. दुकानदार मला मेणकापडासारखं, पुसलं की साफ होणारं विकू बघत होता. मी साधं सुतीच घेतलं आणि बायकोची बोलणी खाल्ली, कारण धुवायचं काम माझ्याकडे नाही.

पुण्यात आलो तेव्हा ऑगस्टचा पाऊस. आमच्या डायनिंग टेबलावर गेली बारा वर्षं पारदर्शक प्लास्टिक आहे, त्याखाली दूधवाल्याचा हिशेब आणि लाइटचं बिल. ते सगळं काढून कापड अंथरलं, ताटं मांडली. मीठ, लिंबू, डावी बाजू, उजवी बाजू. 'पानं घेतलीत, चला.' आई येऊन बसली. ताटाकडे बघितलंच नाही तिने. कापडाचा कोपरा दोन बोटांत धरून चोळला.

'चिटाचं आहे की रे हे,' ती म्हणाली. 'परकर-पोलकं होतं मला असलंच. कुठल्या दुकानातून आणलंस?'

मी सगळं सांगायला सुरुवात केली. मार्सेय, लुई, पोप. बायकोने वरण-भात वाढला, आणि माझ्या हातवाऱ्यात ताटाला धक्का लागून थोडा वरण-भात कापडावर सांडला. बायकोने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं तिचं वर्णन नको. आईने सांडलेल्यातलं एक शीत बोटाने उचललं, ताटाच्या कडेला ठेवलं आणि म्हणाली, 'राहू दे. चिटावर डाग दिसत नाही, म्हणून तर घ्यायचे. तू पोपचं सांग.'