नंबर लागला, कागद अडला

शिक्षण हक्क कायद्याने (आरटीई) खासगी शाळांत वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी राखीव ठेवलेल्या २५ टक्के जागांची सोडत निघाली की आमच्या पडताळणी समितीच्या टेबलावर फायलींचे ढीग लागतात. निवड झालेल्या मुलाचे पालक मूळ कागदपत्रं आणि झेरॉक्सचा संच आणतात. आम्ही ते ऑनलाइन अर्जाशी ताडून पाहतो आणि सगळं जुळलं तरच शाळेसाठी प्रवेशपत्र निघतं. सोडत संगणक काढतो, तिथे कुणाचा वशिला चालत नाही. पालकांचे वाद असतात ते सोडतीआधी अर्जात काय भरलं यावर. पुण्याच्या उपनगरातल्या आमच्या केंद्रावर त्या दिवशी एकाच शाळेसाठी दोन भाडेकरार आले.

पहिलं कुटुंब मूळचं बीडकडचं. वडील प्लंबिंगची कामं करतात, आई चार घरी स्वयंपाक करते. शाळेमागच्या दुसऱ्या गल्लीत राहतात, म्हणजे एक किलोमीटरच्या आतले. सोडतीत आधी एक किलोमीटरच्या आतले अर्ज घेतात, मग एक ते तीनमधले, त्यामुळे लांबच्यांपर्यंत नामांकित शाळेची जागा सहसा पोहोचतच नाही. जन्मदाखला ठीक, तहसीलदारांचा ८४ हजारांचा उत्पन्नाचा दाखलाही ठीक. अडलं ते पत्त्यावर. आधार, रेशनकार्ड, बँकेचं पासबुक, सगळं गावाकडचं. वीजबिल मालकाच्या नावावर. भाडेकरार होता, पण नोटरी केलेला.

नियम स्पष्ट आहे: करार दुय्यम निबंधकांकडे नोंदवलेला हवा, अर्ज भरण्याच्या तारखेआधीचा हवा आणि किमान ११ महिन्यांचा हवा. कागदांसाठी मुदत वाढवून देता येते, पण आज नवा करार नोंदवला तरी तारीख अर्जानंतरचीच पडणार. म्हणजे मुदतीचा उपयोग शून्य.

मालक करार नोंदवायला का तयार होत नाही, हे पुण्यात सगळ्यांना माहीत असतं. स्वतः राहत असल्याबद्दल मालमत्ता करात ४० टक्के सवलत मिळते, भाडेकरू कागदावर आला की ती जाते. खरं तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार नोंदवण्याची जबाबदारी मालकाची आहे आणि कसूर केल्यास शिक्षाही मालकालाच आहे. आमच्या टेबलावर मात्र ती भाडेकरूच्या मुलाला होते.

दुसरी फाइल बघावी इतकी नीटनेटकी. नोंदणीकृत करार, तारीख अर्जाच्या दोन महिने आधीची, अर्जातल्या नकाशावर घर दाखवणारा लाल फुगाही पत्त्यावर अचूक. ओबीसी प्रवर्ग, म्हणजे वंचित गट, त्यामुळे उत्पन्नाची अट नाही. तिच्यावर बोट ठेवायला जागा नव्हती. पण प्रतीक्षा यादीतल्या एका मुलीची आई लेखी तक्रार घेऊन आली होती. "मॅडम, ते लोक तिथे राहतच नाहीत. त्यांचा स्वतःचा फ्लॅट आहे, इथून पाच किलोमीटर. तुम्ही जाऊन बघा तरी."

भाडेकराराच्या पत्त्यावर कुटुंब राहत नसल्याचं आढळलं तर प्रवेश रद्द होतो, गुन्हाही दाखल होऊ शकतो. म्हणून दुपारी आम्ही दोघं गेलो. खोलीला कुलूप, खिडकीतून दिसली टाइल्सची खोकी. शेजारच्या दोन्ही घरांनी त्या नावाचं कुटुंब पाहिलेलं नव्हतं. फोटो काढले, शेजाऱ्यांच्या सह्यांनिशी पंचनामा केला. एकदाच कुलूप दिसलं म्हणून निकाल देता येत नाही, लोक गावीही जातात. पण खोलीत चूल नाही, अंथरूण नाही आणि शेजारी ओळखत नाहीत, हे तिन्ही एकत्र आलं की शंका उरत नाही.

नंतर सुनावणीत वडिलांनी नाकारलं नाही. उलट म्हणाले, "तुम्ही करार मागितला, मी दिला. शाळा डोनेशन मागतात तेव्हा कुठे असतो तुमचा नियम?" प्रश्नात तथ्य आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १३ प्रमाणे देणगी घेणाऱ्या शाळेला तिच्या दहा पटीपर्यंत दंड आहे, मुलाची किंवा पालकांची मुलाखत घेतली तर पहिल्या वेळी २५ हजारांपर्यंत. पण देणगीची पावती कोणी देत नाही आणि पूर्ण फी भरणारे पालक मुलाला त्रास होईल म्हणून लेखी तक्रार करत नाहीत. तरीही त्यावरचा उपाय दुसऱ्या मुलाची जागा घेणं नव्हे. प्रवेश रद्द झाला.

त्याच रांगेत एका सोसायटीचे वॉचमन होते, खुल्या प्रवर्गातले. ते नुसतं विचारायला आले होते. पगार १२ हजार, वर्षाचे एक लाख ४४ हजार. दुर्बल घटकासाठी मर्यादा एक लाखाची, म्हणजे महिन्याला आठ हजार तीनशे. खरा दाखला आणला की माणूस अपात्र. वंचित गटाला उत्पन्नाची अट नाही, याबद्दल पालक आमच्याशी रोज भांडतात. ते मला पटत नाही, शाळेच्या दारात जात फक्त पैशाने पुसली जात नाही. पण एक लाखाची मर्यादा शहरात निव्वळ खोटे दाखले तयार करते, हे दाखले हाताळणाऱ्या कुणालाही विचारा.

बीडकडच्या मुलाच्या अर्जावर आम्ही अपात्रचा शेरा मारला. अर्ज पहिलीसाठी होता आणि या जागा फक्त प्रवेशस्तरावर, म्हणजे शाळेच्या सुरुवातीच्या वर्गातच भरतात, त्यामुळे पुढच्या वर्षीचा प्रश्नच नाही. नर्सरीचा असता तर पहिलीपासून प्रवेश देणाऱ्या एखाद्या शाळेत पुन्हा अर्ज करता आला असता. महापालिकेच्या शाळेला भाडेकरार लागत नाही, तिचा पत्ता त्यांना लिहून दिला. भाडेकरार नोंदवण्याचा खर्च सांगितला तेव्हा वडील चकित झाले. शहरात नोंदणी फी एक हजार रुपये आणि मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का. "एवढंच? मी भरले असते की," म्हणाले. मालकाने त्यांना काही हजारांचा आकडा सांगितला होता.

दोन्ही जागा प्रतीक्षा यादीत गेल्या. तक्रार करणाऱ्या बाईंचा नंबर चौथा होता. जागा यादीच्या क्रमानेच द्यावी लागते, तक्रार केली म्हणून पुढे घेता येत नाही. "मग मी तक्रार करून काय मिळवलं?" त्यांनी विचारलं. पहिल्या दोघांचे कागद नीट निघाले. त्यांची मुलगी आता दुसऱ्या क्रमांकावर आहे.