सेटबॅक किती ठेवायचा? उजनीवरच्या आमच्या बोटीचा अनुभव

ओबीएमसाठी, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून बसणाऱ्या मोटरीसाठी, सेटबॅक ब्रॅकेट (मोटर बोटीपासून काही इंच मागे धरणारी चौकट) घेणार असाल, तर पैसे देण्याआधी विकणाऱ्याला एकच विचारा: माझ्या बोटीचं वजन किती आणि ते कुठे आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे का? मी हे विचारत राहिलो आणि दर वेळी उत्तर आलं, "साहेब, बारा इंच टाका, सगळे बाराच टाकतात." त्या बारा इंचांत आमचा उन्हाळा गेला. राग अजून आहे, म्हणूनच लिहायला बसलो.

बोट सोळा फुटी, फायबरची. मोटर 60 हॉर्सपॉवर, फोर-स्ट्रोक. दाजींची आणि माझी भागीत. मी सोलापुरात, दाजी करमाळ्याकडे उजनीच्या काठाला. 21 मे 2024 ला कुगाव आणि कळाशीच्या मध्ये वादळी वाऱ्यात बोट उलटून सहा जण गेले. तेव्हापासून दाजींचं एकच म्हणणं, झटकन पोचेल अशी एक तरी बोट आपल्या काठाला पाहिजे. म्हणजे वेग हवा, पण पाच माणसं बसल्यावरही हवा. रिकाम्या बोटीचा आकडा आम्हाला उपयोगाचा नव्हता.

ब्रॅकेटने वेग का वाढतो, ते आधी सांगतो. वेगात बोटीचं बूड पाणी खाली दाबतं आणि बूड संपलं की मागे ते पाणी पुन्हा वर येतं. मोटर ट्रान्समपासून, म्हणजे बोटीच्या मागच्या उभ्या भिंतीपासून, मागे सरकवली की पंख्याला कमी ढवळलेलं पाणी मिळतं, आणि पाणी तिथे उंच असल्यामुळे मोटरही वर घेता येते. बारा इंच मागे गेलात तर साधारण इंचभर वर, हा ठोकताळा. मोटरचा पाय पाण्यात कमी बुडाला की ओढ कमी होते, शिवाय लांब दांड्यामुळे बोटीचं नाक सहज उचललं जातं. किंमत मोजावी लागते ती वजनात. मागे भार वाढला की बैलगाडी उलाळ होते, तसंच बोटीचं. ती पाण्यावर चढायला, म्हणजे वेगात पाण्याच्या वर उचलून धावायला, वेळ घेते आणि चढली तरी नाक वरखाली आपटत राहतं.

आता तो विक्रेता. नाव लिहीत नाही, किनाऱ्यावरच्या शहरातला आहे. त्याच्या फॉर्ममध्ये ट्रान्समची उंची, शाफ्टची लांबी, हॉर्सपॉवर आणि रंग, एवढे रकाने. रंगाला रकाना होता, वजनाला नव्हता! मी खाली वेगळं लिहून पाठवलं की माणसं पाच, पेट्रोलची टाकी मागे, बॅटरी मागे, तर किती इंच ते सांगा. उत्तरात एक तक्ता आला. तो वीस फुटी, लांब आणि हलक्या बोटींचा, आमच्या तिप्पट ताकदीच्या मोटरींचा. फोन केला की "टेक्निकलवाले कळवतील". टेक्निकलवाल्यांनी तोच फॉर्म पुन्हा भरायला लावला. आगाऊ रक्कम आधीच घेतलेली, त्यामुळे दुसरीकडे जाता येईना. धरण खाली खाली जात होतं, दाजींचे फोन येत होते, आणि इकडे ऑर्डर "प्रोसेसमध्ये".

मला सगळ्यात लागलं ते हे, की विचारलेलं गणित अवघड नव्हतं. शेवटी ते मीच केलं. आधी ट्रेलरसकट बोट ट्रकच्या वजनकाट्यावर नेली, पण तो दहा-दहा किलोने आकडा दाखवतो, आपल्या कामाचा नाही. मग एका मित्राच्या सुताच्या गोडाउनातला लटकता काटा वापरला. बोटीचं एक टोक टेकवून दुसरं उचलायचं, मग उलट. दोन्ही आकड्यांवरून भाराचा मध्य निघतो. आमची नुसती बोट 350 किलो, मोटर 115. दोन माणसं, पेट्रोल, बॅटरी, सामान धरून 700. 115 किलो बारा इंच मागे गेले की 700 किलोंचा मध्य पाच सेंटिमीटर मागे जातो. ब्रॅकेट स्वतः वीस किलोचं, तेही पार टोकाला, त्यामुळे आणखी जवळपास तितकाच. म्हणजे एकूण दहा. पाच माणसांच्या बोटीत, त्यातली दोन मागच्या बाकावर असताना, हे मला चालणार नव्हतं. हा हिशोब मी विक्रेत्याला लिहून पाठवला. त्यावर आलं, "साहेब, प्रॅक्टिकलमध्ये असं काही नसतं."

त्या दिवशी ऑर्डर रद्द केली. आगाऊ रकमेसाठी आजही मागे लागलेलो आहे.

ब्रॅकेट अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत बनवून घेतलं. मिस्त्री मागाचे सुटे भाग करणारे, बोट त्यांनी कधी पाहिलेली नाही, पण पहिला प्रश्न त्यांनी वजनाचाच विचारला. ॲल्युमिनियमच्या बाजूच्या पट्ट्यांना तीन जागी भोकं ठेवली: सहा, आठ आणि दहा इंच. किती मागे हे कागदावर अडवून धरायची गरजच उरली नाही.

उजनीवर जीपीएसने मोजलं. ब्रॅकेटशिवाय ताशी 54 किलोमीटर, सहाला 56, आठला 58. दहालाही 58च, पण दुपारचा वारा सुटून पाणी खवळलं की नाक आपटायला लागलं आणि वळणावर पंखा हवा ओढून आरपीएम एकदम चढले. आठ इंचांवर पक्कं केलं. बॅटरी आणि टाकी मिळून चाळीस किलो, ते दोन मीटर पुढे नेल्यावर आमचा मध्य मूळ जागेच्याही थोडा पुढे आला. पाच माणसं घेऊनही बोट आता लगेच पाण्यावर चढते, याचा मला खरोखर अभिमान आहे. बॅटरी पुढे नेली तर तारा जाड घ्या, लांबीमुळे स्टार्टरला करंट कमी पडतो.

हे आधी सांगायला हवं होतं: काही करण्यापूर्वी ट्रान्सम लाकडी हातोडीने ठोकून बघा. आवाज बद्द आला तर आतलं लाकूड भिजलेलं आहे, ते दुरुस्त केल्याशिवाय ब्रॅकेट लावूच नका, कारण मोटर मागे गेली की ट्रान्समवरचा ताण वाढतो. बोल्ट स्टेनलेसचे, आतून जाड पट्टी, आणि भोकांत बोटीसाठीचंच सीलंट.

मोटर वर घेताना एकेक भोक घ्या आणि इंजिन थंड करणाऱ्या पाण्याच्या दाबाचा गेज लावल्याशिवाय घेऊ नका. दाब पडला की एक भोक खाली. उजनीत जलपर्णी आहे, तिचा एक तुकडा मोटरीच्या पाणी ओढणाऱ्या जाळीला चिकटला तरी इंजिन तापतं.

स्टिअरिंगची केबल आणि पेट्रोलचा पाइप मोटर पूर्ण उचलून, दोन्हीकडे पूर्ण वळवून मोजा. सरळ उभ्या मोटरवर घेतलेलं माप आखूड पडतं.