सरकार बदलतं, पण निर्णय कोणते बदलतात?

नवीन सरकार मागच्याचे नावडते निर्णय फिरवतं का, तर फिरवतं ना भो, पण कोणते फिरवतं ते नीट बघा. ज्यात तिजोरीतून फार काही जात नाही आणि आपल्या माणसांची सोय होते ते लगेच फिरतात, ज्यात पैसा अडकलाय ते तसेच राहतात, फार तर नाव बदलतं.

सरपंचाचंच घ्या. २०१७ ला फडणवीस सरकारनं सरपंच थेट जनतेतून आणला, २०२० ला महाविकास आघाडीनं ते रद्द करून परत सदस्यांतून केला, २०२२ च्या जुलैत शिंदे सरकारनं पुन्हा थेट. सदस्यांतून सरपंच म्हटलं की आमच्या जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्याकडच्या गावांमध्ये निकाल लागल्या लागल्या सदस्य सहलीला, फोन बंद, आणि मग एकदम सरपंच निवडीच्या दिवशी गाडीतून उतरणार. आणि थेट सरपंच म्हटलं की सरपंच एका पार्टीचा, बहुमत दुसऱ्या पार्टीचं, एक ठराव पास होईल तर शपथ. दोन्हीत भानगडी आहेतच, पण गावाला कोणती पद्धत नको आहे हे कोणत्याच सरकारनं विचारलं नाही, आपल्याला कोणती सोपी पडते एवढंच पाहिलं. नगराध्यक्षाचं तर त्याहून भारी, २००१ मध्ये विलासराव मुख्यमंत्री असताना थेट, पुढे बंद, २०१६ ला थेट, २०२० ला बंद, २०२२ ला परत थेट. मुंबई मेट्रोच्या आरे कारशेडचंही तेच, एकानं हलवलं, दुसऱ्यानं परत आणलं (त्यात पैसा गेला खरा, पण तो मेट्रोच्या खात्यात दिसतो, मंत्रालयात नाही).

आता पेन्शन बघा. माझा चुलत भाऊ जिल्हा परिषदेचा शिक्षक, २००५ नंतर लागलेला, म्हणजे जुनी पेन्शन नाही. राज्यात १ नोव्हेंबर २००५ पासून हा नियम आला तेव्हा काँग्रेस-राष्ट्रवादीचं सरकार होतं. त्याआधी केंद्रात हे आणलं वाजपेयी सरकारनं, १ जानेवारी २००४ पासून. मग मनमोहन सिंग आले, त्यांनी ते फिरवलं का, उलट २०१३ ला पेन्शन निधीचा कायदाच करून टाकला आणि भाजपनं पाठिंबा दिला! राज्यात २०१४, २०१९, २०२२ अशी तीनदा सत्ता बदलली, जुनी पेन्शन काही परत आली नाही. मार्च २०२३ ला कर्मचाऱ्यांचा संप झाला, शाळा बंद, हा चुलत भाऊ रोज मोर्चात, हाती आश्वासन आणि समिती. हिमाचलनं मात्र सरकार बदलल्यावर २०२३ ला जुनी पेन्शन खरंच परत आणली, म्हणजे होतच नाही असं नाही. पण तिथे निवडणूकच त्या मुद्द्यावर गाजली होती, आपल्याकडे जात, पक्षफोड आणि भाषणं यातून तो मुद्दा वर येतच नाही.

घरात म्हातारं माणूस असेल तर त्याला कापूस एकाधिकार खरेदी योजनेचं विचारा. १९७२ ला सुरू झालं, कापूस फक्त सरकारी खरेदीलाच द्यायचा, व्यापाऱ्याला विकायचा नाही, चुकारे, म्हणजे मालाचे पैसे, कधी मिळतील त्याचा नेम नाही. आपण पडलो सीमेवरचे, पलीकडे मध्य प्रदेशातलं सेंधवा, खाली गुजरात, तिथे भाव चांगला मिळाला की रातोरात माल तिकडे, पकडला गेला तर वेगळा खर्च. १९७८ ला शरद पवारांचं पुलोद सरकार आलं, १९९५ ला शिवसेना-भाजप युती आली, शेतकरी ओरडतच होता, योजना काही मोडली नाही. शेवटी २००२ च्या सुमारास खाजगी व्यापाऱ्याला मोकळीक मिळाली, तीही काँग्रेस-राष्ट्रवादीच्याच काळात, कारण तोटाच आवरेना. तसंच दिल्लीत, ज्यांनी तीन कृषी कायदे केले त्यांनीच नोव्हेंबर २०२१ ला मागे घेतले, पुढे यूपी-पंजाबची निवडणूक होती.

टोलमुक्तीत थोडं झालं म्हणा. २०१५ ला १२ नाके बंद, ५३ नाक्यांवर कार आणि एसटीला सूट. पण धुळ्यावरून नाशिकला निघा, मुंबई-आग्रा हायवे केंद्राचा, तिथे पावती फाडावीच लागते, आता फास्टॅगमधून कापतात एवढाच फरक. एलबीटी, म्हणजे महापालिकांचा व्यापाऱ्यांवरचा स्थानिक संस्था कर, तो पण गेला २०१५ च्या ऑगस्टला, म्हणजे ५० कोटींच्या आतल्या उलाढालीवाल्यांचा. व्यापारी दुकान बंद ठेवतो आणि निवडणुकीत पैसा पण देतो, त्याचं ऐकलं जातं, शिक्षकाचं नुसतं निवेदन घेतलं जातं.

आणि लोकांना आवडलेला निर्णय असला तरी खर्चाचा असेल तर गॅरंटी नाही बरं का. २००४ ला विधानसभेच्या आधी सुशीलकुमार शिंदेंनी शेतीची वीज फुकट केली, निवडून परत तेच आले, विलासराव मुख्यमंत्री झाले आणि २००५ ला फुकट बंद. सरकार सुद्धा बदललं नव्हतं! आता २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंतच्या पंपाला परत फुकट आहे, मार्च २०२९ पर्यंत. विधानसभा पण २०२९ लाच. आमचे नाना म्हणतात, महावितरणची जुनी बिलं फेकू नको, थकबाकी कधी काढतील सांगता येत नाही.