अण्णा चार, ईव्हा चार

"हात लावला! आता तीच सोंगटी खेळायला लागेल त्यांना."

माझ्या मागून आवाज आला. समोर बसलेल्या मुलाची आई असावी, कारण तो लगेच "आई, थांब ना गं" म्हणाला. दोन वर्षांपूर्वीची मे महिन्यातली गोष्ट. आमच्या सांगलीबाहेर, दुसऱ्या जिल्ह्यात एक खुली बुद्धिबळ स्पर्धा होती. मंगल कार्यालयात टेबलं मांडलेली, डोक्यावर पंखे घरघरत होते. मी काळ्या सोंगट्यांनी खेळत होते. चार-पाच चाली झाल्या होत्या आणि मी नेहमीप्रमाणे दोन्ही हातांनी पट वाचत होते.

पंच आले. म्हणाले, "मॅडम, सारखा हात नका लावू. विचार करा आणि एकदाच उचला." मी म्हटलं, "सर, मला दिसत नाही. हात लावल्याशिवाय मी विचार कशाचा करू?" मग फिडेच्या, म्हणजे जागतिक बुद्धिबळ संघटनेच्या, नियमावलीत आम्हा अंध खेळाडूंसाठी वेगळे नियम आहेत ते सांगितले. आमच्या पटावर सोंगटी भोकातून उपसून काढली तरच 'हात लावला' असं धरतात, नुसतं चाचपलं तर नाही. ते मोबाईलवर नियम शोधायला बाजूला गेले. घड्याळ माझं चालू होतं. सात-आठ मिनिटं गेली. परत येऊन म्हणाले, "बरोबर आहे तुमचं, खेळा." गेलेल्या वेळाबद्दल काही बोलले नाहीत. मला राग आला होता, आजही येतो. माझ्यासाठी तो नियम म्हणजे सवलत नाही, चष्मेवाल्याला जसा चष्मा तशी ती बोटं आहेत. ज्या माणसाने डाव सांभाळायचा त्याला हे आधीपासून माहीत असायला हवं.

आता आमचा पट कसा असतो ते सांगते, कारण विचारणारे खूप भेटतात आणि बहुतेकांना वाटतं की मी सगळं डोक्यात ठेवून खेळते. "बाप रे, चौसष्ट घरं लक्षात!" असं कौतुक होतं. पण डोळ्यांवर पट्टी बांधून खेळणं ही डोळस माणसांची करामत आहे, आमचा खेळ तो नाही. माझ्यासमोर पट असतो, तुमच्यासमोर असतो तसाच. काळी घरं पांढऱ्यांपेक्षा थोडी उंच असतात. प्रत्येक घराच्या मधोमध भोक आणि प्रत्येक सोंगटीच्या तळाला खुंटी. खुंटी भोकात बसली की बोट फिरवलं तरी सोंगटी पडत नाही. काळ्या सोंगट्यांना वेगळी खूण असते, माझ्या संचात डोक्यावर बारीक टोक आहे. घोड्याचं नाक, हत्तीचे कंगोरे, उंटाच्या टोपीवरची खाच बोटाला लगेच कळते. पांढऱ्या सोंगट्या असतील तर डावा हात वजिराच्या बाजूने, उजवा राजाच्या बाजूने, काळ्या असतील तर उलट, असा पट मी दर चालीनंतर एकदा पुसून घेते. आमच्यात 'पट पुसणं' म्हणजे वाचणं.

पट दोन असतात. समोरचा आपल्या पटावर खेळतो, मी माझ्या. तो चाल मोठ्याने सांगतो, मी ती परत म्हणते आणि माझ्या पटावर करते. माझ्या चालीला तो तसंच करतो. आणि सांगायची भाषा वेगळी. ए, बी, सी, डी म्हणायचं नाही. बी, सी, डी, ई, जी ही पाच अक्षरं एका दमात म्हणून बघा. सगळी 'ई'वर संपतात. गोंगाटात 'डी पाच' आणि 'बी पाच' यात फरक कळत नाही आणि डाव तिथेच बुडतो. म्हणून जगभर उभ्या ओळींना नावं दिली आहेत: अ‍ॅना, बेला, सीझर, डेव्हिड, ईव्हा, फेलिक्स, गुस्टाव्ह, हेक्टर.

यातल्या पहिल्या नावाचं आमच्या घरी वेगळंच झालं. वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो. मी बारा-तेरा वर्षांची असताना ही नावं पाठ करायची तेव्हा 'अ‍ॅना' माझ्या तोंडी बसायचंच नाही, 'अण्णा' यायचं. "अण्णा चार!" म्हटलं की बाहेरच्या खोलीतून अण्णा "काय गं?" म्हणायचे. ते एसटीत कंडक्टर होते, पहाटेची गाडी करून दुपारी घरी यायचे. माझा पहिला पट त्यांनीच केला.

माझी नजर लहानपणापासून हळूहळू जात होती. आधी संध्याकाळी दिसेनासं झालं, मग कडेचं जायला लागलं, जणू नळीतून बघावं तसं. डोळ्यांच्या पडद्याचा आजार. शाळेत पी.टी.च्या तासाला मला झाडाखाली बसवायचे. लंगडी, खो-खो, डॉजबॉल सगळं माझ्या कानांवरून जायचं. मांडीवर मुलींच्या घड्याळांचा आणि बांगड्यांचा ढीग. शाळेचं नाव सांगत नाही, बाई वाईट नव्हत्या, मी पडेन याची त्यांना भीती होती. पण सहा वर्षं दर आठवड्याला तीन तास मी दुसऱ्यांच्या वस्तू सांभाळल्या. आता अंध मुलांच्या पालकांशी बोलते तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारते, "पी.टी.ला काय करतो?" अजूनही उत्तर येतं, "बसतो."

दादा सांगलीत बुद्धिबळ शिकत होता. आमच्या गावाला या खेळाचं वेड जुनं आहे. भाऊसाहेब पडसलगीकरांनी नूतन बुद्धिबळ मंडळ इथे काढलं, भाग्यश्री साठे-ठिपसे इथल्याच. दादाबरोबर मी खेळायला बसले की माझं बोट लागून वजीर आडवा, प्यादी टेबलाखाली. दर चालीला दादा डाव परत मांडायचा आणि चिडायचा. अण्णांनी चार-पाच दिवस हे बघितलं. मग शेजारच्या सुताराकडून प्लायवूडचा चौकोन आणला, चौसष्ट भोकं पाडून घेतली. काळ्या घरांवर जुन्या सायकलच्या ट्यूबचे चौकोन कापून चिकटवले, म्हणजे ती उंच लागतील. सोंगट्यांच्या बुडात खिळे ठोकून त्यांची डोकी कापली. दोन प्याद्यांना चीर गेली, त्यांना सुतळी गुंडाळली. काळ्यांच्या डोक्यात टाचण्या तोडून बसवल्या. बाजारात असा पट मिळतो हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. हे १९९५ साल. रबराचा वास त्या पटाला कितीतरी वर्षं होता.

त्यानंतर दादा चिडला नाही, कारण महिन्याभरात तो हरायला लागला होता.

परत त्या मंगल कार्यालयात येते. मुलगा अकरा वर्षांचा, आवाज अजून फुटलेला नव्हता. त्याने ही नावं त्या दिवशीच पहिल्यांदा ऐकली होती. मी कागदावर लिहवून घेऊन त्याच्या पटाशेजारी ठेवली होती. सुरुवातीला तो कुजबुजत चाल सांगायचा, जणू माझ्या शांततेचा भंग होईल. मी सांगितलं, "बाळा, जोरात बोल, तू बोलतोस तेव्हाच मला तुझी चाल दिसते." मग तो खणखणीत बोलायला लागला. "प्यादं, सीझर तीन!" बाजूच्या टेबलावरचे वळून बघत असतील, बघू देत.

अकराव्या चालीला तो म्हणाला, "घोडा, डेव्हिड दोन." मी परत म्हटलं, "घोडा, डेव्हिड दोन", आणि माझ्या पटावर फेलिक्स तीनवरचा घोडा मागे घेतला. खेळ पुढे चालला. पंधराव्या चालीला मी गुस्टाव्ह चारवरच्या उंटाने त्याचा ईव्हा दोनवरचा उंट मारला आणि तसं मोठ्याने सांगितलं. तो गप्प. मग हळूच म्हणाला, "ताई, मध्ये माझा घोडा आहे."

माझ्या पोटात खड्डा पडला. फेलिक्स तीनवर बोट ठेवलं, भोक रिकामं. त्याच्या पटावर मात्र तिथे घोडा उभा होता. डेव्हिड दोनवर त्याचे दोन्ही घोडे जाऊ शकत होते, त्याने बेला एकवरचा नेला होता आणि मी दुसरा. गेल्या चार चाली आम्ही दोघं दोन वेगळे डाव खेळत होतो. त्याला मी कुठे बघते आहे ते कळत नव्हतं आणि मला तो कुठे.

याला नियम आहे. पंचांनी दोन्ही नोंदी मागवल्या. त्याच्या कागदावर कुठला घोडा ते नीट लिहिलेलं होतं. माझी नोंद ब्रेलमध्ये, ती मी वाचून दाखवली, तिच्यात नुसतं 'घोडा, डेव्हिड दोन'. जिथपर्यंत नोंदी जुळतात तिथपर्यंत डाव मागे न्यायचा, घड्याळं त्याप्रमाणे लावायची आणि तिथून पुढे खेळायचं. मघाचेच पंच, पण या वेळी त्यांनी सगळं सावकाश आणि चोख केलं, प्रत्येक सोंगटी कुठे ते मला तोंडी सांगून. मी बोटांनी पडताळलं. ते "झालं ना मॅडम, खात्री करा" म्हणाले तेव्हा माझा मघाचा राग निम्मा उतरला.

तेव्हापासून एका घरात दोन सोंगट्या जाऊ शकत असतील तर मी विचारतेच, "कुठला?" चूक माझीही होती. परत म्हणण्याचा नियम एवढ्यासाठीच तर आहे.

डाव मी हरले. चौपन्न चाली झाल्या, शेवटी हत्ती आणि प्याद्यांचा खेळ उरला आणि त्याचा राजा माझ्याआधी मध्यावर पोचला. त्याने बरोबरी देऊ केली नाही, सूट दिली नाही, माझ्या वेळाची तंगी असताना तो भराभर खेळला. मला त्या मुलाचा फार आदर वाटला. आयुष्यभर लोकांनी मला जपून खेळवलं आहे. पत्त्यात, भेंड्यांत, सगळीकडे. त्याने मला हरवलं आणि हात पुढे केला, म्हणजे "ताई, हात" असं म्हणाला, तेव्हा मी तो घट्ट धरला.

मग त्याची आई शेजारी येऊन बसली. थोडा वेळ काहीच बोलली नाही. नंतर विचारलं, "काळं-पांढरं कसं कळतं तुम्हाला?" मी तिचं बोट धरून काळ्या प्याद्याच्या डोक्यावरच्या टोकावर ठेवलं. "अगंबाई", ती म्हणाली, आणि एकेका सोंगटीला हात लावत राहिली. मी तिला थांबवलं नाही.

२०२३च्या ऑक्टोबरमध्ये हांगझोऊला आशियाई पॅरा स्पर्धा झाल्या. तिथे बुद्धिबळात पूर्ण अंध पुरुषांच्या गटात पहिले तिन्ही क्रमांक आपले आले. बडोद्याच्या दर्पण इनानीला सुवर्ण, सौंदर्य प्रधान आणि अश्विन मकवाना त्याच्या मागे. सांघिक सुवर्णही याच तिघांचं. पूर्ण अंध मुलींच्या संघाने कांस्य आणलं, वृत्ती जैन, हिमांशी राठी, संस्कृती मोरे. त्या दिवशी बँकेत मी सगळ्यांना पेढे वाटले. एकाने विचारलं, "बुद्धिबळ पण खेळात धरतात?" मी म्हटलं, चार तास खुर्चीत बसून, खांदे भरून येईपर्यंत पट पुसत, कानात घड्याळाचा आकडा ऐकत एक डाव खेळून बघा. आमचं घड्याळ बोलकं असतं, एका कानात इअरफोन, दुसरा कान समोरच्यासाठी मोकळा. जुन्या घड्याळावर काटे चाचपावे लागायचे, पाच मिनिटांना एक उंचवटा, पंधराला दोन. मी दोन्हीवर खेळले आहे.

हे सगळं आपोआप उभं राहिलेलं नाही. मुंबईच्या चारुदत्त जाधवांनी, ज्यांची दृष्टी शाळकरी वयात गेली, देशभरातल्या अंध बुद्धिबळपटूंची संघटना उभी केली. आता संगणकावर स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्रॅम, लावून लीचेस या बुद्धिबळाच्या संकेतस्थळावर खेळता येतं, कीबोर्डने चाल टाकायची, समोरच्याची ऐकायची. २०२५च्या जुलैत बटुमीत नागपूरची दिव्या देशमुख महिला विश्वचषकाच्या अंतिम फेरीत कोनेरू हंपीशी खेळत होती तेव्हा मी बोलणारी कॉमेंटरी लावून प्रत्येक चाल माझ्या पटावर करत होते. शेवटच्या डावात दिव्याकडे काळ्या सोंगट्या होत्या, टाचणीवाल्या. हंपीने डाव सोडला तेव्हा माझं बोट दिव्याच्या राजावर होतं.

स्पर्धेला मी विकत घेतलेला पट नेते. घरी मात्र अजून अण्णांचाच. रबराचे चौकोन दोनदा बदलले, आता ट्यूब दादा आणतो, अण्णा आता चौऱ्याऐंशीचे आहेत आणि त्यांनाही कडेचं नीट दिसत नाही. ईव्हा चारचं भोक सगळ्यात सैल झालं आहे, तीस वर्षं माझं पहिलं प्यादं तिथेच जाऊन बसतं. डुगडुगतं. मी त्यात सुती दोरा कोंबते, दोन-तीन महिने टिकतो, मग परत. अण्णा चारचं भोक मात्र अजून घट्ट आहे.

आज रात्री नऊ वाजता लातूरच्या एका मैत्रिणीबरोबर फोनवर डाव आहे. पांढऱ्या माझ्याकडे. दोरा बदलायला हवा.